फिरती वाकळ

देशपांडे नगर, हुबळी
चैत्र

प्रिय अंबू,

हे पत्र तुला योगिता वाचून दाखवील. तुझी सून असून तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे, जरा घोगरा, वाक्य संपताना खाली बसणारा. फोनवर मी कितीदा फसले आहे. कदाचित तुलाही वाटेल की तूच काहीतरी मोठ्याने वाचते आहेस. वाटलं तर वाटू दे. ती मधेच थांबून "आई, ऐकताय ना?" असं विचारील, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस. पत्राबरोबर कापडी पिशवीत आपली वाकळ आहे. तुमच्या घरात तिला कौदी म्हणायचे, योगिता गोधडी म्हणते, पण हिराबाईने आपल्याला शिकवली ती वाकळ, म्हणून मी वाकळच लिहिते. या खेपेला ती वेगळी शिवली आहे. तशी का शिवली ते सांगायचं आहे, पण त्याआधी इकडचं सांगते, कारण तू असतीस तर आधी तेच विचारलं असतंस. "तू असतीस तर" असं लिहून गेले बघ. तू आहेस. खोडायला गेले आणि खोडलं नाही. योगिता समजून घेईल.

इकडे ऊन चढलं आहे. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. किरणने दुकान पार बदललं; तागे गेले, गाद्या गेल्या, आता सगळे तयार कपडे, खुंट्यांना लटकवलेले. आपल्या गिऱ्हाइकांना बसायला जागाच ठेवली नाही त्याने. म्हणतो, आता कुणी बसत नाही, आई. कापड मोजायचा लोखंडी गज मी घरी आणून ठेवला आहे, वरच्या खिडकीचा पडदा सरकवायला बरा पडतो. दुकानात आता चिंध्याच पडत नाहीत. मागच्या महिन्यात मोतीबिंदू काढला, त्यासाठी धारवाडला खेपा झाल्या. बस रायापूरला थांबली की मी अजून पिशवी सावरून उठायला बघते. तुझं घर ज्यांनी घेतलं त्यांनी त्याला हिरवा रंग दिला आहे. कंपाउंडच्या भिंतीवर मोटारीचं कव्हर वाळत होतं. क्षणभर मला वाटलं, वाकळ आहे. डोळा नवीन झाला तरी बघायची सवय जुनीच.

तुला हिराबाई पहिल्यांदा दुकानात आली तो दिवस सांगू? तुझा आवडता किस्सा आहे, तूच सगळ्यांना सांगायचीस, आता मी सांगते. ती अळणावरजवळच्या तिच्या खेड्यातून महिन्याच्या बाजाराला आली होती आणि आमच्या ह्यांच्याकडे चिंध्या मागत होती. तू खण बघत बसली होतीस. तुला कुठे गप्प बसवतंय! तू म्हणालीस, "एवढ्या चिंध्या कशाला गं? बाहुल्यांचं दुकान काढतेस की काय?" हिराबाईने तुझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुमचीच बाहुली करतो की अक्का. नाकाला तेवढं कापड पुरलं म्हंजे झालं." गल्ल्यावर बसलेले आमचे गंभीर गोविंदराव तोंडावर टोपी धरून हसत होते. तू नाकाला हात लावलास, आधी रागावलीस आणि मग इतकी हसलीस की खणाची घडी मांडीवरून घसरली. त्या दिवशी तू हिराबाईला आमच्या माडीवर घेऊन आलीस, न विचारता, माझ्याच घरात मलाच पाहुणी करून. तिथे तिने गाठोडं सोडलं आणि आपल्याला वाकळ घालायला शिकवायला घेतलं.

शिकवणं कसलं, शिव्याच होत्या. जुनं इरकल लुगडं खाली अंथरायचं, त्यावर धुऊन मऊ झालेल्या कापडाचे थर, वर रंगीत तुकडे. शिवायचं कडेकडेने, आणि फेऱ्या घेत घेत आत मध्याकडे यायचं, म्हणजे कापडाला चुणी पडत नाही. मी दर वेळी मधूनच सुरू करायला बघायची आणि हिराबाई माझ्या हातावर फटका मारायची. तिचा टाका तिळाएवढा, तुझा जोंधळ्याच्या दाण्याएवढा, आणि माझा... तू म्हणायचीस, "सुशी, हा टाका आहे की हुबळी-धारवाड रस्ता? मधे रायापूरचासुद्धा स्टॉप नाही!" तुला शिवण्यापेक्षा उसवण्याची हौस जास्त. माझी ओळ वाकडी गेली की तू काही न बोलता ती मांडीवर घ्यायचीस. दोरा तोडायचा नाही, ओढायचा नाही. आधी गाठ शोधायची, सुईच्या टोकाने ती सैल करायची, मग एकाआड एक टाका उचलत यायचं आणि सुटलेला दोरा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत जायचं. हे हिराबाईने दाखवलं होतं आपल्या दोघींना, पण आलं तुलाच. मी बोलत असायची आणि माझ्या सकाळच्या कामाची तू गुंडाळी करून माझ्या हातात द्यायचीस. किती राग यायचा मला! पण तोच दोरा पुन्हा सुईत ओवून मी शिवायची, आणि दुसऱ्या वेळी ओळ सरळ जायची.

योगिता, तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. वाकळ पुरी होत आली की एका कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवतात. तिला वाकळेचं तोंड म्हणतात. त्यात भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर साखर घालायची आणि मग तोंड शिवायचं. हिराबाई म्हणायची, वाकळेला जेवू घातल्याशिवाय ती अंगावर घ्यायची नाही. अंबूच्या सासूबाईंना शिजवलेलं अन्न शिवलेली कौदी सोवळ्याच्या खोलीकडे फिरकलेली चालायची नाही, म्हणून ती बिचारी ओसरीवरच्या पेटीत असायची. असायची म्हणजे, ती सांभाळायची पाळी अंबूची असेल तेव्हा. आमच्या तिघींची ही एक वाकळ फिरती होती. एका वर्षी माझ्याकडे, पुढच्या वर्षी तिच्याकडे, मग हिराबाईकडे. संक्रांत झाली की पुढच्या घरी जायची. देणारीने फाटलं-विरलं असेल ते नीट करायचं, आपल्या घरच्या कापडाचं एक ठिगळ वाढवायचं, भाकरी नवी घालायची आणि मग पाठवायची. तुझ्या नवऱ्याचा, श्रीहर्षचा, शाळेचा निळा शर्ट त्यात आहे, कोपराशी शाईचा डाग असलेला. आमच्या ह्यांच्या शेवटच्या धोतराचा काठ आहे. हिराबाईच्या मुलाची, धोंडिबाची, कुस्तीची लांग आहे, जी लावताना अंबूने नाक मुरडलं होतं. कुठल्या वर्षी कुणाकडे काय झालं ते आम्हाला या वाकळेवरूनच आठवायचं.

अंबू, तू बंगळूरला गेलीस ती संक्रांतीच्या आधी, आणि वाकळ माझ्याकडे राहिली. पुढची पाळी तुझी होती. मी वाट बघत बसले की तू रायापूरला परत येशील, कारण श्रीहर्षने सांगितलं होतं, थोडे दिवस नेतो, तपासण्या करतो, आणतो. मग घर विकल्याचं कळलं. दिवाळीनंतर मी किरणला घेऊन तुमच्याकडे आले ते तुला आठवत नाही, ते मला माहीत आहे. पण मला आठवतं, म्हणून एकदा लिहून टाकते. तू दारात आलीस. केस छान विंचरलेले, योगिताने घातलेली बारीक वेणी. तू माझ्याकडे पाहून हसलीस, अगदी ओळखीचं, आणि माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. मग तू म्हणालीस, "बर्री बर्री, आत या. बसा. आमची सुशी यायची आहे हुबळीहून. ती आली की सगळ्यांनाच चहा करते." किरण पुढे होऊन सांगायला लागला, मी त्याचा हात दाबला. तू मला खुर्ची दिलीस, स्वतः समोर बसलीस आणि दाराकडे बघत राहिलीस. मधेच म्हणालीस, "तिला उशीर करायची सवयच आहे." मीही बसले, अंबू. दुपारभर तुझ्यासमोर बसून सुशीची वाट बघितली. ती आली नाही. निघताना तू मला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, पुन्हा या, तिची नि तुमची भेट व्हायला पाहिजे होती.

घरी आल्यावर मी ठरवलं की वाकळ पाठवायची. पाळी तुझीच होती. मला वाटलं, माणसं विसरली असशील, पण शर्टावरचा शाईचा डाग बघितलास तर काहीतरी हलेल. खोटं कशाला लिहू, मला खूप काही वाटलं होतं. मी ती उन्हात घातली, झटकली, तोंड उसवून नवी भाकरी घातली आणि संक्रांतीनंतर पाठवून दिली, रीतसर. पंधरवडाही झाला नसेल, योगिताचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "मावशी, आईंनी सगळी उसवली. मी आंघोळीला गेले की काढून बसायच्या. मी लपवून ठेवली तर दारापाशी उभ्या राहून रायापूरला जाते म्हणायच्या, मग मीच परत दिली." मी तिला म्हटलं, रडू नकोस, आहे ते सगळं पाठव. पिशवी आली. तुकडे वेगळे, अस्तर वेगळं, एकही कापड फाटलेलं नाही. आणि एका रुमालात दोऱ्याच्या गुंडाळ्या, बोटाला गुंडाळून काढलेल्या, ओळीने ठेवलेल्या.

त्या गुंडाळ्या पाहून मी काय केलं सांगू? मी सगळे तुकडे माडीवर पसरले आणि सुयांची जुनी भोकं बघत बसले. मला वाटलं, तू माझ्या वाकड्या ओळी उसवल्या असशील. हो ना, तोच तुझा धंदा! माझ्या वाकड्या ओळी तेवढ्या तुला टोचल्या असतील, म्हणजे तू कुठेतरी आहेस, अजून मला शिव्या घालते आहेस. भिंग घेऊन बघितलं. पण तू हिराबाईच्या तिळासारख्या ओळीही सोडल्या नव्हत्यास. तुझ्या स्वतःच्या ओळी, त्या जोंधळ्याच्या दाण्यांच्या, ज्यांना हात लावलेला तुला खपत नसे, त्याही उसवल्या होत्यास. सरळ काय, वाकडी काय, कुणाची काय. मग मी भिंग ठेवून दिलं. श्रीहर्षने फोनवर डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं होतं ते तेव्हा मला खरं वाटलं. हातांना येतं ते सगळ्यात शेवटी जातं म्हणे, पण जातं. परत येणारं काही नाही.

योगिताने त्या दिवशी आणखी एक सांगितलं. तू तोंडाशी आलेला घास घेत नाहीस, ओठ मिटून मान फिरवतेस. पण वाकळेचं तोंड उसवलंस तेव्हा त्यातला भाकरीचा वाळका तुकडा हातात घेतलास, फुंकर मारलीस आणि खाल्लास. योगिता धावत आली तोवर चावून चावून गिळलाही होतास. ती घाबरली होती. वाकळ उसवून झाल्यावर तुझी बोटं आधी पडद्याला लागली, मग श्रीहर्षच्या शर्टाच्या शिवणीला, मग तुझ्याच साडीच्या फॉलला, आणि आता कापड सापडलं नाही तर मनगट खाजवत बसतेस, लाल होईतो. पण वाकळ हातात होती तितके दिवस तू दारापाशी गेली नाहीस, हेही तिनेच सांगितलं.

मग मी हिराबाईला बोलावून घेतलं. तिला आता ऐकू कमी येतं, धोंडिबाचा मुलगा तिला गाडीवरून अळणावरला सोडतो, तिथून ती बसने येते आणि बसमधल्या सगळ्यांशी भांडून उतरते. तिने एकेक तुकडा उलटापालटा करून बघितला. मग मी काय ठरवलंय ते सांगितलं, तर भडकली. "ढिला टाका? मला कशाला बोलवलीस गे मग? गोणपाट शिवायला लावलीस काय? सगळा जलम घट्ट घाल, घट्ट घाल म्हणून ओरडलो, आणि आता ढिला घाल म्हंतीस?" मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या गुंडाळ्या तळहातावर घेऊन बसली. शेवटी म्हणाली, "तिचं हात चालूलालेत न्हवं? मग आन सुई." आम्ही समोरासमोर बसलो. तुझ्या जागेवर उशी ठेवली होती, कापड ताणून धरायला. मी माझे ते हुबळी-धारवाड टाके घातले, पहिल्यांदाच कुणी नावं ठेवली नाहीत. पण हिराबाईला जमेना. दोन हात ढिली ओळ घालायची आणि बघता बघता टाका तिळावर यायचा. तिने सुई बदलली, हात बदलला, स्वतःला शिव्या दिल्या. "हात ऐकत न्हाई गे माझा." तिने तो कोपरा तसाच पुरा केला आणि डोळे पुसून म्हणाली, धूर गेला डोळ्यात. माडीवर कसला धूर?

तर अंबू, ही वाकळ पांघरायला पाठवलेली नाही. ती तुला उसवायला पाठवली आहे. टाके मोठे आहेत, गाठी वरच्या बाजूला ठेवल्या आहेत, दोरा तूच गुंडाळून दिलेला आहे. तोंडं चार आहेत, प्रत्येक कोपऱ्याला एक. तीन माझी, सहज उघडणारी. चौथं हिराबाईचं, ते तुला उघडणार नाही, कंटाळा आला तर सोडून दे. प्रत्येकात स्वच्छ कापडात बत्तासा आहे, जिभेवर ठेवला की विरघळतो, योगिता, घाबरू नकोस. त्यांना खाऊ दे. सगळी उसवून झाली की तुकडे आणि गुंडाळ्या पिशवीत घालून पाठव, मी पुन्हा शिवीन, पुन्हा पाठवीन. आता संक्रांतीची वाट बघायला नको. माझे डोळे आहेत तोवर हा फेरा चालेल. काही बरं होईल म्हणून मी हे करत नाही, तसं कुणी मला सांगायलाही नको. एक दिवस वाकळ इथून गेली तशीच परत येईल. गाठी जागच्या जागी असतील, टाक्याला बोट लागलेलं नसेल. त्या वेळी मला फोन करून काही सांगू नकोस, योगिता. मी पिशवी उघडीन, कोपरे चाचपून बघीन. चारही बत्तासे हाताला लागले की मला कळेल.

तू दाराकडे बघत जिची वाट बघतेस तीच, उशीर करणारी,

तुझीच,
सुशी